डावीकडचा आरसा

प्रिय भोंगा,

खरं तर आज 'प्रिय' लिहायची अजिबात इच्छा नव्हती. हाताच्या सवयीनं लिहिलं गेलं आणि पत्रात खोडाखोड मला आवडत नाही, म्हणून तसंच राहू दिलंय. त्यावरून तू स्वतःची समजूत करून घेऊ नकोस. मी रागावले आहे. तळपायाची आग मस्तकात गेली आहे आणि आज बुधवार उजाडला तरी ती खाली उतरायचं नाव घेत नाही. फोन केला असता, पण फोनवर तू मला बोलू कुठे देतेस? मी वाक्य सुरू करायचं आणि तू ते तुझ्या मनासारखं पुरं करून टाकायचंस. पत्रात तुला मध्ये तोंड घालता येणार नाही. तेव्हा चहा ठेव, बस आणि शेवटपर्यंत वाच.

रविवारी तू माझ्याकडून चार वाजता निघालीस. साडेसहाला तुझा निरोप आला, की आई, गाडीची किल्ली मी नेली आहे, काळजी करू नकोस, निवांत बोलू. मधल्या अडीच तासांत मी काय करत होते ते तुला ठाऊक नाही, म्हणून सांगते. मी किल्ली शोधत होते. दाराजवळच्या खिळ्यावर दिसली नाही म्हणून आधी पर्स उलटी केली. मग कपाटातले सगळे कपडे पलंगावर काढले. पिठाचा डबा परातीत ओतला, कारण मागे एकदा माझा चष्मा त्यात सापडला होता. कचऱ्याची बादली अंगणात पालथी घातली आणि काठीनं कचरा चिवडत बसले, शेजारच्या बाई कुंपणावरून बघत होत्या. शेवटी पायरीवर टेकले आणि मनाशी म्हटलं, झालं, गेलं आपलं डोकं. आज किल्ली, उद्या नावं, परवा घराचा पत्ता. अडीच तास मी स्वतःला वेड लागलं असं धरून चालले होते, आणि किल्ली तुझ्या पर्समध्ये बसून आरामात तुझ्या घरी चालली होती. तुझा निरोप वाचला तेव्हा आधी जीव भांड्यात पडला, की चला, डोकं जागेवर आहे. मग जो राग आला तो आला.

सोमवारी सकाळी तुझ्या दादाचा फोन. तिकडे सात समुद्रांपलीकडे बसून इतक्या मऊ आवाजात बोलत होता की मला वाटलं याला घसा बसलाय. आजाऱ्याशी बोलतात तसा. त्याच्या तोंडून कळलं की तुम्ही दोघांनी मोबाइलवर एक ग्रुप काढलाय, जावईबापूंना घेऊन, आणि त्याचं नाव 'आईची गाडी'. तीन आठवडे त्यात चर्चा चालू आहे. माझ्या नावानं ग्रुप, माझ्या गाडीचा ग्रुप, आणि त्यात मी सोडून सगळे. ठरलंही सगळं. आईचं वय एकाहत्तर, आता तर आईनं फाटकाच्या खांबाला गाडीही घासली, आणि आईचे डोळे आता पूर्वीसारखे राहिले नाहीत, डावीकडचं तिला दिसत नाही. तेव्हा किल्ली काढून घ्यायची. विचारायचं नाही, कारण विचारलं तर ती देणार नाही.

डोळे. माझे डोळे. अगं, एकतीस वर्षं मी चष्म्याच्या दुकानात लोकांचे नंबर काढले. या गावातल्या निम्म्या नाकांवर मी चष्मे बसवलेत, कुणाचा डावा कान उजव्यापेक्षा वर आहे ते मला अजून पाठ आहे. दादाला फळ्यावरचं दिसत नाही हे त्याच्या बाईंच्या आधी मी ओळखलं. तू तिसरीत असताना चष्मा हवा म्हणून आंधळ्याचं सोंग केलंस तेव्हा तुझ्या नाकावर साध्या काचा ठेवून तुला 'आता किती छान दिसतंय' असं म्हणायला लावणारी मीच. आणि माझ्या डोळ्यांचा निकाल तुम्ही मोबाइलवर लावता. सोमवारीच दुपारी बस पकडून जुन्या दुकानात गेले. आता तिथे एक डॉक्टरीणबाई बसतात आणि बाजूची नजर मोजायचं मशीन आहे. हनुवटी टेकवायची, समोर बघत राहायचं आणि कडेला कुठे ठिपका चमकला की बटण दाबायचं. मी सगळे ठिपके टिपले. रिपोर्ट पत्रासोबत जोडलाय, 'दोन्ही बाजू उत्तम' याच्याखाली मी पेनानं रेघ मारली आहे. फोटो काढून टाक तुमच्या त्या ग्रुपमध्ये.

तेव्हा डोळ्यांची बात सोड. कारण दुसरं आहे आणि ते मी सांगणार आहे, पण माझ्या पद्धतीनं. आधी तू किल्ली कुणाची उचललीस ते नीट आठव.

आत्याबाई आपल्याकडे आल्या तेव्हा तू चार वर्षांची होतीस आणि दादा नऊचा. दातांच्या डॉक्टरांची जुनी गाडी ती. रंग ओल्या सिमेंटचा, आत लवंगेच्या तेलाचा वास. पहिले दोन महिने दादा गाडीत बसला की तोंड गच्च मिटून घ्यायचा, कुणी दात बघेल या भीतीनं. आत्याबाई हे नाव तुझ्या बाबांचं. आल्या दिवसापासून तिचे मानपान सुरू झाले होते ना. सकाळी आधी पाणी पाजा, थंडीत अंगावर पांघरूण घाला, वर दोन शब्द गोड बोला, मग बाईसाहेब हलणार. तुझ्या खऱ्या आत्याला या नावाचा पत्ता लागला तेव्हा ती सहा महिने आपल्याशी बोलली नाही. त्या सहा महिन्यांत गाडी मात्र एकदाही बंद पडली नाही, तुझे बाबा म्हणायचे की एका वेळी एकच आत्या रुसते.

गाडी चालवायची मी. तुझ्या बाबांनी लग्नाआधी एकदा शिकायचा प्रयत्न केला होता आणि शिकवणाऱ्याची गाडी स्वतःच्याच ग्रंथालयाच्या फुलझाडांत घातली होती, समोर सगळे वाचक उभे. तेव्हापासून त्यांनी कानाला खडा लावला. मी तेहेतिसाव्या वर्षी शिकले, दुकान बंद झाल्यावर, रोज पाऊण तास. गाडी घरी आणली ती पूर्ण रस्ताभर दुसऱ्या गिअरमध्ये, कारण तिसरा सापडेना. आपल्या गल्लीतले लोक खिडक्यांत येऊन उभे राहिले होते. खाटकाची बायको तर खुर्ची घेऊन बसली होती, मी फाटकातून आत कशी घालते ते बघायला. चौथ्या प्रयत्नात घातली. मागे वळून तिला नमस्कार केला.

आठवड्याच्या आत हॉर्न गेला. दुरुस्त करायला नेला की गॅरेजमध्ये वाजायचा आणि बाहेर पडलं की मुका. मग तू मागच्या खिडकीतून मुंडकं बाहेर काढून 'बाजूलाऽऽ' म्हणून असं बोंबलायचीस की म्हातारे सायकलवाले पाय टेकून उतरायचे. भोंगा हे नाव तिथलं. सेल्फ लागायचा नाही, म्हणून ढकलस्टार्टला दादा. शाळेतल्या निबंधात त्यानं लिहिलं होतं, आमच्याकडे गाडी आहे, ती मी चालवतो आणि आई बसते. आणि डावीकडचा आरसा मुळातच नव्हता. डॉक्टरांनी तो कधीच कुठेतरी आपटून मोडला होता आणि त्या जातीचा दुसरा बाजारात मिळत नव्हता. गाडी घेऊ की नको अशी मी त्यांच्या दारात घुटमळत होते, तेव्हा तुझे बाबा पुढे आले आणि म्हणाले, "आरसा कशाला? मी आहे ना."

तेव्हापासून ते आरसा झाले. आपल्या घरची ती रीत तुला सांगायला नको, पण तुझ्या मुलांना तू कधी सांगितलीस की नाही देव जाणे. डावीकडे वळायचं असलं की मी वेग कमी करायची आणि विचारायची, मोकळं? ते मान बाहेर काढून बघायचे आणि म्हणायचे, मोकळं. किंवा थांब. हे दोनच शब्द मी ठरवून दिले होते, कारण आधी ते येणाऱ्या सायकलवाल्याचं वर्णन करत बसायचे, त्याच्या पिशवीत कुठलं पुस्तक आहे इथपर्यंत. आवाज ग्रंथालयातला, त्यामुळे दोनदा विचारावं लागायचं. पण शब्दाला पक्के होते. त्यांनी मोकळं म्हटलं की मी डोळे झाकून वळायची. हे मी उगाच म्हणत नाही, मी खरोखर तिकडे कधी बघितलंच नाही. बघायचं काम त्यांचं.

एकदा दुकानाचे मालक माझ्याबरोबर पुढे बसले होते, कुठल्याशा कारखान्यात फ्रेमा बघायला चाललो होतो. मी चौकात आले, थांबले आणि विचारलं, मोकळं? ते म्हणाले, काय? मी परत विचारलं. ते आपले कधी माझ्याकडे बघताहेत, कधी स्वतःच्या सदऱ्याच्या बटणांकडे. मागे सगळा रस्ता तुंबला, लोक उतरून बघायला आले, तेव्हा कुठे मला उमगलं की या सीटवर दुसरं माणूस बसलं तर मला वळता येत नाही. त्या दिवशी कारखान्यापर्यंत मी सगळी वळणं उजवीकडची घेतली. पाऊण तासाच्या वाटेला दोन तास लागले आणि मालकांनी पुन्हा कधी माझ्या गाडीत पाय ठेवला नाही.

आणि ती झोपेची गोष्ट. तुझ्या मावशीच्या लग्नाहून परत येताना, भर दुपारी. तुम्ही दोघं मागे एकमेकांच्या अंगावर पडून झोपला होतात. मी विचारतेय, मोकळं? हे म्हणताहेत, मोकळं. तीन वळणं घेतली. चौथ्याला मोकळं म्हटल्यावर लगेच घोरणं ऐकू आलं. बघते तर डोकं काचेला टेकलेलं, तोंड उघडं, कोटावर लाळ. झोपेत उत्तरं देत होते. मी गाडी कडेला घेतली आणि इतकी हसले की तू जागी होऊन रडायला लागलीस. ही गोष्ट आपण किती वेळा सांगितली असेल. तुझ्या लग्नात जावयांच्या घरच्यांना तूच सांगितलीस, साभिनय. मीही हसले होते. आता मला त्या गोष्टीवर हसू येत नाही, आणि का येत नाही तेच सांगायला बसले आहे.

तुला गाडी शिकवली ती मी. शीतगृहामागच्या त्या रिकाम्या आवारात, सहा रविवार. क्लच सोडताना तू असे दचके द्यायचीस की मागे बसलेल्या दादाचा चष्मा एकदा थेट डॅशबोर्डवर येऊन पडला. पण एक गोष्ट तू पहिल्या दिवसापासून केलीस. डावीकडे वळताना मान वळवून स्वतः बघितलंस. मी मागे बसून शिकवत होते, तुझे बाबा शेजारी त्यांच्या नेहमीच्या जागी होते, सांगायला तोंड उघडलं होतं त्यांनी, आणि तू तोवर वळलीससुद्धा. घरी आल्यावर म्हणाले, हिला माझं काही काम नाही. हसत म्हणाले, पण संध्याकाळभर पुस्तकाचं एकच पान उघडून बसले होते. मी त्यांना म्हटलं, ती उद्धट आहे, तुम्ही लक्ष देऊ नका. उद्धट कसली, तू बरोबर होतीस. हे मी आज पहिल्यांदा लिहून देते आहे, जपून ठेव.

मग आत्याबाई गेल्या आणि दुसरी गाडी आली. तिला दोन्ही आरसे होते, चकचकीत. पहिल्या दिवशी आम्ही दोघंच फिरायला निघालो. कोपऱ्यावर मी आरशात बघितलं आणि वळले. पुढच्या कोपऱ्यावर पुन्हा तसंच. तुझे बाबा दोन्ही हात मांडीवर ठेवून बसले होते. घरी आल्यावर मी विचारलं तर म्हणाले, छान आहे गाडी. रात्रभर मला ते मांडीवरचे हात दिसत होते. सकाळी उठून मी बाहेर गेले आणि डावीकडचा आरसा आत मिटून टाकला. सगळ्यांना सांगितलं की गल्ली अरुंद आहे, फुटायला नको. त्या दिवशी कोपऱ्यावर मी विचारलं, मोकळं? आणि त्यांनी असं खणखणीत उत्तर दिलं की आयुष्यात पहिल्यांदा मला दुसऱ्यांदा विचारावं लागलं नाही. त्यांना कळलं होतं. मला कळलं होतं की त्यांना कळलंय. यावर आम्ही एकदाही बोललो नाही.

त्यानंतर या गाडीपर्यंत तो आरसा मिटलेलाच राहिला. गॅरेजवाला दर वेळी उघडायचा, मी फाटकातून बाहेर पडताच मिटायची. तू मला कितीदा टोकलंस त्यावरून. हेकेखोर म्हणालीस, जुनाट म्हणालीस. मी मूग गिळून बसायची, कारण बाबा शेजारी असायचे. आणि ते गेल्यावरही मी तो उघडला नाही. का ते मला विचारू नकोस. दोन वर्षं तसाच होता.

आता ऐक. फाटकाच्या खांबाचा ओरखडा तुला रविवारी दिसला. घरात पाऊल टाकायच्या आधी तू अंगणात गाडीभोवती फिरून त्याचे फोटो काढलेस, मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघत होते. जेवताना तू माझ्याशी मोठ्यानं आणि सावकाश बोलत होतीस, जणू मला ऐकूही येत नाही. पण तो ओरखडा गुरुवारचा आहे आणि गुरुवारी जे झालं ते त्या खांबाच्या आधी झालं. ते तुला माहीत नाही, दादाला माहीत नाही. एका मुलीला आणि तिच्या आईला माहीत आहे.

मी ग्रंथालयात पुस्तकं बदलायला निघाले होते, सकाळी दहाच्या सुमारास. औषधांच्या दुकानाच्या कोपऱ्यावर डावीकडे वळायचं होतं. वेग कमी केला आणि विचारलं, मोकळं? रिकाम्या सीटला. हो, अजून विचारते. दोन वर्षं रोज विचारते आहे आणि रोज उत्तर ऐकू येतं. घाबरू नकोस, भुताखेतांचं काही नाही. छत्तीस वर्षं ऐकलेला आवाज आहे, माझ्या कानाला तो पाठ झालाय, प्रश्न विचारला की उत्तर आपोआप येतं. ते आलं. मी वळले. लोखंड चिरडल्याचा आवाज झाला.

नऊ-दहा वर्षांची मुलगी होती, सायकलवर. तिनं वेळेवर उडी मारली. मी खाली उतरले तेव्हा ती फूटपाथवर उभी होती, गुडघा सोललेला, आणि सायकलचं पुढचं चाक माझ्या चाकाखाली. रडत नव्हती. तिनं माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "आजी, मी तुम्हाला दिसले नाही का?" तक्रार नव्हती ग त्यात. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. जन्मभर लोकांना 'आता दिसतंय का' असं विचारत आलेली मी, आणि ती पोर आता मलाच ते विचारत होती. दिसली असती. तिनं लाल स्वेटर घातला होता, आंधळ्यालाही दिसली असती. मी बघितलंच नव्हतं.

तिचा हात धरून तिला चालत घरी सोडलं. तिच्या आईला काही न लपवता सांगितलं की चूक माझी, पूर्ण माझी. त्या बाईनं मला खुर्ची दिली, पाणी दिलं. तिनं चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. मग मोडकी सायकल मागे टाकून गाडी घेऊन परत आले, तीनच गल्ल्या, पण सगळं लक्ष त्या सायकलीत अडकलं होतं आणि फाटकात घालताना खांब लागला. शुक्रवारी तो आरसा उघडला. गाडी अंगणात उभी होती, नुसतीच आत बसले आणि त्यात बघितलं. कुंपण, कुंड्या, शेजारच्यांचं मांजर, रस्त्यानं जाणारी दोन माणसं. म्हटलं, शिकू की अजून. बघायला काय लागतं? शनिवारी सकाळी सायकल दुरुस्त करून तिच्या घरी पोहोचवली, तिचा गुडघा बघून आले, आणि मग आपल्या गल्लीच्या टोकापर्यंत गाडी नेऊन पाहिली. आरसा उघडा होता. वळण आलं आणि मान वळायच्या आत तोंडातून शब्द गेला होता, उत्तरही आलं होतं आणि हात स्टिअरिंग फिरवायला लागले होते. तिथेच गाडी थांबवली. खाटकाच्या मुलाला बोलावलं, तो आता पन्नाशीचा आहे, त्यानं गाडी घरी आणून लावली.

मला तुझ्या बाबांचा राग आलाय. गेलेल्या माणसावर रागावू नये म्हणतात, मी रागावले आहे. एकदा तरी म्हणायचं होतं त्यांनी, की अगं, उघड तो आरसा, मला वाईट नाही वाटणार. त्यांना ते काम आवडायचं आणि मला त्यांना ते काम असलेलं आवडायचं, आणि त्या लाडात मी अडतीस वर्षं अर्धा रस्ता न बघता गाडी चालवली. त्याहून जास्त राग माझा मला आलाय. त्या पोरीनं उडी मारली नसती तर, याच्या पुढचं मला लिहवत नाही. आणि एवढ्या सगळ्या रागात तू येऊन किल्ली घेऊन गेलीस, तेही डोळ्यांच्या नावाखाली.

कारण शनिवारीच माझं ठरलं होतं, भोंगा. तुला रविवारी जेवायला बोलावलं ते त्यासाठी. चांगलं पातळ नेसले होते, तुझ्या लक्षात आलं नाही. जेवणं झाल्यावर तुला समोर बसवून त्या मुलीचं सांगायचं होतं आणि किल्ली तुझ्या हातात द्यायची होती. काय बोलायचं ते आंघोळ करताना दोनदा म्हणूनही बघितलं होतं. मी भांडी आवरून हात पुसत बाहेर आले तर तू चपला घालून दारात उभी, घाई आहे म्हणालीस, माझ्या गालाला गाल लावलास आणि गेलीस. खिळा तेव्हाच रिकामा होता. तुम्ही ठरवलंत की विचारलं तर ती देणार नाही. अडतीस वर्षं जिनं तुम्हाला दवाखान्यात, शाळेत, परीक्षेला, लग्नाला पोहोचवलं तिच्याबद्दल तुम्हाला एवढीच खात्री. गाडी जाण्याचं मला इतकं दुःख नाही, ती जायलाच हवी. पण ती मी सोडली असं व्हायला हवं होतं. मी सोडली, माझ्या शहाणपणानं, कुणी हिसकावून घ्यायच्या आत. ते तू माझ्याकडून नेलंस आणि ते कुठल्या पर्समध्ये आहे हे तुलाही माहीत नाही.

म्हणून हे पत्र. येत्या रविवारी ये. एकटी ये, तो ग्रुप घरी ठेवून ये. दादाला त्या मुलीचं मी स्वतः सांगेन, तू आधी सांगू नकोस. आलीस की काही बोलू नकोस, माफी वगैरे तर अजिबात मागू नकोस, मला रडू येईल आणि सगळं फिसकटेल. किल्ली दाराजवळच्या खिळ्यावर परत लाव आणि खुर्चीवर बस. मी ती पुन्हा वापरणार नाही, त्याची चिंता करू नकोस. मी उठेन, खिळ्यावरून किल्ली काढेन आणि तुझ्या हातात देईन. तू फक्त हात पुढे कर आणि घे, पहिल्यांदाच घेते आहेस अशी.

तुझीच, राग अजून न गेलेली,
आई